वडील काय करायचे?

“अक्का, माणिकताई गेल्या,” मिलिंदनं फोनवर सांगितलं आणि मी विचारलं काय, तर “तू बरा आहेस ना?” धाकट्या भावाची धास्ती एकदा अंगात भिनली की जात नाही. “मी बराय. तू ये,” तो म्हणाला. महिना होत आला त्याला...

मिलिंदला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आम्ही गल्लीभर पेढे वाटले होते. अमेरिकेचा दिवस ती याची रात्रपाळी. दोन वर्षांनी एका सकाळी तो कामावरून आला, खुर्चीत बसला आणि बोलायचाच थांबला. मुठी आवळलेल्या, खांदे कानांपर्यंत चढलेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत माणिकताईंचा पत्ता. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत, गच्चीवरच्या खोलीत त्या शरीराच्या हालचालींतून उपचार करायच्या. एके काळच्या नर्तकी. स्टेज का सोडलं, असं विचारलं तर म्हणायच्या, “गुडघ्यांना विचारा.” दारावर पाटी होती, ‘बघ्यांनी बाहेर बसावे.’ मी हट्टानं आत बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “वडील काय करायचे?”

“मार्केट यार्डात. धान्याच्या व्यापारात,” मी म्हणाले. शाळेपासून मी हेच सांगत आले होते. बाबा तिथे हमाल होते.

मिलिंद बसेल तशाच ताई समोर बसायच्या. मुठी आवळून, खांदे चढवून, तासभर. सहा आठवडे हेच! मी धुसफुसत म्हणाले, “अहो, असा तो घरीही बसतोच की!” “मग घरीच बसवा,” त्या म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात मिलिंद आपणहून उठला. गुडघे किंचित वाकवून पाठ पुढे झुकवली, दोन्ही हात मानेमागे नेले आणि जड पावलांनी चालू लागला. ताई तशाच वाकून त्याच्या शेजारून चालल्या. पाठीवर क्विंटलचं पोतं घेतलेल्या माणसाची चाल होती ती, बाबांची. आता सगळं उघड होणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ओरडले, “मिलिंद, सरळ उभा राहा!”

तो जागीच थिजला. मग दार उघडून जिना उतरून गेला. आम्ही खाली पोचेपर्यंत रस्त्यावर त्याचा पत्ता नव्हता.

चार तास शोधत होतो. पोलीस चौकी, त्याचे मित्र, स्वारगेटचा स्टँड... मला नको नको ते दिसत होतं. रिक्षात ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, “वडील काय करायचे? या वेळी खरं सांगा.” मी सांगितलं. त्या पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, “मार्केट यार्ड. जरा लवकर.”

बाबा ज्या गाळ्यावर काम करायचे, तिथल्या पोत्यांवर मिलिंद बसला होता. बाबांच्या जोडीचे एक म्हातारे हमाल त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तो हमसून रडत होता. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुमच्या खोटेपणानं तो आजारी पडला, असं मी म्हणणार नाही. तेवढं मला कळत नाही. पण तुम्हाला वडिलांची लाज वाटायची, हे त्याला एकदा स्वतः सांगा.”

मिलिंद हळूहळू बोलायला लागला, पुन्हा नोकरीला लागला. मी मात्र सांगितलं नाही. ताई भेटल्या की एकच शब्द विचारायच्या, “सांगितलंत?” मी विषय बदलायची. हॉस्पिटलात, अखेरच्या भेटीत, बोलायचं त्राण नव्हतं तेव्हा त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मी मान खाली घातली. त्याची टोचणी आजही जात नाही.

गेल्या रविवारी त्यांची खोली आवरायला आम्ही दोघंच गेलो होतो. सतरंजी गुंडाळता गुंडाळता मी म्हणून टाकलं, “मिलिंद, मला बाबांची लाज वाटायची.”

त्यानं खिडकी लावून घेतली.

“माहितेय अक्का,” तो म्हणाला. “बाबांनाही माहीत होतं.”

मी अर्धवट गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून राहिले. सांगून झालं होतं. विचारणारं मात्र त्या खोलीत आता कुणी नव्हतं.