मयत लाइन

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी नाशकात पाणीपुरवठ्याच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर होतो आणि आठवड्यातून दोन दिवस एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला जात असे. विषय होता शहराचा पाणीपुरवठा. वर्गात अडतीस मुलं होती. हजेरी मी स्वतः मोजून घ्यायचो, त्यामुळे हा आकडा पक्का आहे.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी नवीन टूम काढली. सत्र संपताना मुलांनी शिक्षकाबद्दल अभिप्राय लिहून द्यायचे. सायक्लोस्टाइल केलेला कागद, पाच प्रश्न, खाली नाव लिहायचं नाही. मला ते पसंत नव्हतं, पण करायचं तर नीट करावं, म्हणून मी वर्गात सांगितलं, "मोकळेपणाने लिहा. मी कुणाचं अक्षर ओळखायचा प्रयत्न करणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आमचं अक्षर आम्हालाच ओळखू येत नाही."

अडतीस कागद परत आले. शुक्रवारी विभागप्रमुखांनी ते माझ्या हातात दिले आणि सोमवारपर्यंत वाचून उत्तर लिहून द्यायला सांगितलं. शनिवार-रविवार ते पिशवीतच राहिले. कारण साधं होतं. मी घाबरलो होतो. तीन दिवसांच्या या उशिराचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिला आहे.

सोमवारी सकाळी ऑफिसात बसून वाचायला घेतले. सव्वीस जणांनी लिहिलं होतं की सर फळ्याशी बोलतात. नऊ जणांना परीक्षेत काय येणार ते हवं होतं. एकाने लिहिलं होतं, "सरांना पाण्यापेक्षा आकडे जास्त आवडतात." मी हसलो. बरंच खरं होतं ते.

एकतिसावा कागद वाचला आणि तसाच हातात धरून बसलो. चौथा प्रश्न असा होता: शिकवलेल्यापैकी प्रत्यक्षात वेगळं काय आढळलं? खाली निळ्या शाईत, बारीक अक्षरात उत्तर होतं:

"वर्गातल्या नकाशात आमची लाइन मयत दाखवली आहे. आम्ही तिचंच पाणी पितो. दुपारी आमचा नळ श्वास घेतो. घरात एक जण आजारी आहे."

खोलीत पंखा चालू होता. बाहेर टाइपरायटर वाजत होता. तरी मला तो नळ ऐकू आल्यासारखा वाटला.

नकाशाबद्दल आधी सांगायला हवं. वर्गात दाखवण्यासाठी मी जुन्या नाशकातल्या एका टेकाचा, म्हणजे उंचवट्यावरच्या वस्तीचा, मोठ्या मापाचा नकाशा काढला होता, घरोघरच्या जोडण्यांसकट. जोडण्या ऑफिसच्या रजिस्टरावरून घेतल्या. त्या रजिस्टरात अकरा नावांपुढे तांबड्या शाईने 'मयत' आणि एकेक तारीख लिहिलेली होती. आमची कामावरची माणसं बंद पडलेल्या पाइपला 'मेलेली लाइन' म्हणत. हे मी रोज ऐकत होतो. तेव्हा मयत म्हणजे बंद, असं धरून मी त्या अकरा जोडण्यांवर फुल्या मारल्या आणि कोपऱ्यात खुणांच्या यादीत 'मयत लाइन' असं लिहिलं. वर्ग त्या शब्दाला हसला होता. नकाशा इतका नीटनेटका झाला की त्याची एक प्रत मी ऑफिसातही लावली. पाण्याचे नमुने घेणारा आमचा माणूस त्या टेकावर तीच प्रत पाहून, फुल्या मारलेली घरं वगळून फिरत असे. आठ महिने.

नळ श्वास घेतो याचा अर्थ मला लगेच कळला होता. वर्गात त्यावर मी दहा मिनिटं बोललो होतो. सकाळी दोन तास पाणी सोडतात. मग ते बंद झालं की उतारावरचा पाइप खालच्या बाजूने रिकामा होतो आणि वरच्या नळातून हवा आत ओढतो. पाइपला कुठे भोक असेल तर तिथूनही ओढतो. त्या भोकाशेजारी गटार असेल तर गटाराचं पाणी ओढतो. सकाळी पाणी आलं की ते पुढच्या घरात जातं.

अडतीस जणांची जर्नलं माझ्या कपाटात होती. अक्षर जुळवायला अर्धा तास लागला असता. मी कपाट उघडलं, वरचं जर्नल हातात घेतलं आणि परत ठेवलं. शब्द दिला होता. अकरा घरं हिंडायला, एका घराला दहा मिनिटं धरली तर दोन तास लागणार होते. मी दोन तासांचा रस्ता धरला. तेव्हा मला तो प्रामाणिकपणाचा वाटला.

अकरा नावांची यादी करून मी त्या भागातल्या चावीवाल्याला बोलावलं. चावीवाला म्हणजे गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा माणूस. हा निफाडकडचा होता, साठीला आलेला. त्याला वाचता येत होतं. यादी पाहून तो म्हणाला, "साहेब, ही तर समदी मेलेली मानसं."

"माणसं? या लाइनी आहेत."

"लाइनी कुठल्या? मयत म्हंजे मालक मयत. जोडणी ज्याच्या नावावर, तो गेला. लाइनीला काय झालंय? अकराच्या अकरा चालू हायत. रोज सकाळी मीच सोडतो."

"मग आठ महिन्यांत मला सांगितलं का नाही?"

"मला कुनी नकाशा दावला?"

मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

दुपारी दोनला आम्ही टेक चढू लागलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसांना शेजारी चालता येत नव्हतं. ऊन भिंतींच्या वरच राहिलं होतं, खाली सावली आणि गारवा होता. पहिल्या दारात एक म्हातारी बाई आली. मी यादीतलं नाव वाचलं आणि विचारलं, "हे इथेच राहत होते ना?"

"राहत होते काय? राहतात," ती म्हणाली. "झोपलेत आत."

मी चावीवाल्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

दुसऱ्या घरातले मालक देवळात गेले होते. तिसऱ्या घरातले पिंपळगावला लेकीकडे होते, दोन दिवसांत येणार होते. चौथ्या घरातली सून म्हणाली, "मामंजी आत्ताच बाहेर पडले, तुम्हाला वाटेत दिसले नाहीत का?" तिच्या मागे भिंतीवर त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. चावीवाला म्हणाला, "फोटो झ्याक हाय, वैनी." ती दारात सरकून फोटो झाकला जाईल अशी उभी राहिली.

त्या घराच्या पायऱ्या उतरल्यावर चावीवाला म्हणाला, "साहेब, यमाचं रजिस्टर घेऊन हिंडतोय आपन. मालक मेल्याचं कळलं की नळ तोडतील, असं वाटतं लोकांना. वारसाचं नाव लावायला हेलपाटे लय. म्हनून कुनी मरतच नाय इथं."

ते मयत आहेत हे आमच्याच रजिस्टरात लिहिलेलं होतं, तेही तांबड्या शाईने. पण ते त्या लोकांना ठाऊक नव्हतं. पुढच्या तीन घरांतही तेच झालं. एक झोपलेला, एक दाढी करायला गेलेला, एक नुसताच "येतील आता". प्रत्येक ठिकाणी मी नळ कुठे आहे ते विचारलं, घरात कुणी आजारी आहे का ते विचारलं, आणि प्रत्येक ठिकाणी सगळे बरे होते. मेलेलेही. सातव्या दारातून निघताना मला त्या गल्लीत मोठ्याने बोलवेना.

आठवं दार उघडलं ते माझ्याच वर्गातल्या एका मुलाने.

तो मला पाहून पांढरा पडला. मी त्याच्याकडे न पाहता यादीतलं नाव वाचलं. आतून आवाज आला, "कोण आहे रे?"

"आमचे सर, आई. पाण्याच्या ऑफिसातले."

'पाण्याच्या ऑफिसातले' हे ऐकल्यावर आतला भांड्यांचा आवाज थांबला. त्याची आई पदराला हात पुसत पुढे आली. "हे झोपलेत," ती म्हणाली. "अंगात कसर आहे जरा."

आणि आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

चावीवाला एक पायरी खाली उतरला. मला माहीत होतं की त्या घरचा माणूस चार वर्षांपूर्वी वारला आहे, तारीख रजिस्टरात होती. तरीही यादीतलं नाव मी पुन्हा एकदा वाचून पाहिलं, हे कबूल करतो.

"नळ बघतो," एवढंच मी म्हणालो.

मोरी दाराशेजारीच होती. साडेतीन वाजले होते, पाणी बंद होऊन सहा-सात तास झाले होते. मी नळ सोडला. पाणी आलं नाही. आत खोल कुठेतरी कुणी दात आवळून हवा ओढावी तसा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. हातातला यादीचा कागद मी नळाच्या तोंडाशी धरला. तो खेचला गेला आणि चिकटून राहिला.

"दुपारी असंच करतो," आई म्हणाली. मग एकदम आवाज उतरवून, "हे असताना नव्हता करत."

तिने जीभ चावली.

मी पिंपातलं पाणी सोबत आणलेल्या परीक्षानळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात जंतू मारण्याइतकं क्लोरिन असेल तर ते पिवळं होतं. पाच मिनिटं मी घड्याळ लावून थांबलो. पाणी होतं तसंच राहिलं. मी नळी उजेडाकडे धरली होती, तेव्हा आतल्या दाराची चौकट धरून एक मुलगी उभी राहिलेली दिसली. त्या मुलाची मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. नळीत जो रंग दिसायला हवा होता, तो तिच्या डोळ्यांत होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आठ," मुलगा म्हणाला. "कावीळ उतरवून आणली दोनदा. आई म्हणते उतरतेय."

"उतरतेयच," आई म्हणाली.

"ताई, हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं," मी म्हणालो. "आणि हे पाणी ओतून द्या. सगळं."

चावीवाल्याला मी उरलेल्या तीन घरांकडे आणि व्हॉल्व्ह बंद करायला पाठवलं. आम्ही तिला धरून खाली रस्त्यापर्यंत आणलं आणि रिक्षा केली. वाटेत ती एकदाच बोलली. "काका, मी इथे आले तेव्हा चांगली होते हो," असं म्हणाली.

दवाखान्यात टेबलापाशी बसलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "नवरा?"

"कळवणला असतो. तार करतो आता," मुलगा म्हणाला.

"मग वडिलांची सही लागेल. वडील कुठे आहेत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "गावाला गेलेत," ती म्हणाली.

"कोणत्या गावाला?"

"निफाडला."

"मग बोलवून घ्या लवकर. पेशंटची अवस्था बघताय ना?"

"आई," मुलगा म्हणाला. तिने त्याचं मनगट इतक्या जोरात धरलं की तिच्या बांगड्या त्याच्या हातात रुतल्या. बाकावर ती मुलगी डोळे मिटून बसली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे अडचण माझीच आहे. मी समोर उभा असेपर्यंत त्या बाईचा नवरा मरू शकत नव्हता.

"ताई," मी म्हणालो, "नळ तुमचाच राहील. कुणी तोडणार नाही."

"तोंडी?"

"लेखी देतो."

यादीचा कागद ओला झाला होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं की ही जोडणी या कुटुंबाची आहे आणि ती तोडली जाणार नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. असं लिहून द्यायचा मला कवडीचाही अधिकार नव्हता. ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. मग घडी करून कमरेला खोचली आणि नर्सबाईंकडे वळली.

"हे नाहीत," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. सही मी करते."

पाइप चौथ्या दिवशी उकरला. तो गटाराच्या आतूनच गेलेला होता, आणि गंजून त्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. उरलेल्या तीन घरांपैकी एका घरात आणखी दोघं पिवळे निघाले, ते बरे झाले. ती मुलगी एकोणीस दिवस दवाखान्यात होती. ती वाचली. बाळ मेलेलंच जन्मलं. मी डॉक्टरांना विचारलं होतं की तीन दिवस आधी आणलं असतं तर, किंवा अक्षर जुळवून दीड तास आधी. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला आकडा हवा आहे. माझ्याकडे नाही."

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. तो मुलगा तिसऱ्या बाकावर येऊन बसला. त्या दिवशी धडा होता पाण्याच्या तपासणीचा. मी फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो होतो. त्याने हात वर केला.

"सर, कुठल्या नळाचा नमुना घ्यायचा आणि कुठल्या नाही, हे कोण ठरवतं?"

सदतीस मुलं वही उघडून उत्तराची वाट पाहत होती. पुस्तकात त्याचं उत्तर आहे, चार ओळींचं, मला ते पाठ होतं.

"त्या टेकावर मी ठरवलं होतं," मी म्हणालो, आणि रजिस्टरातल्या तांबड्या शब्दापासून सांगायला सुरुवात केली. घर कुणाचं ते सोडून सगळं सांगितलं. तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. तो मात्र मान खाली घालून सगळं लिहून घेत होता, आकड्यांसकट.