पंच्याखालची नादारी

सखाराम अण्णा कुणाचाही हात हातात घेताना आधी त्यावर खांद्यावरचा पंचा टाकायचे. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात सगळी हयात गेलेली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा कळतो तो फक्त त्या दोघांना. अण्णांना ही सवय इतकी जडली होती की लेकीच्या लग्नात व्याह्याची भेट घेतानाही पंचा पडला. अण्णांची बायको, आमच्या मालनकाकू, ओरडल्या, "अवो, त्यो लेकीचा सासरा हाय, बैल न्हाई!"

अण्णा आमचे शेजारी. मधे फक्त शेराचं कुंपण. आई गेली तेव्हा मी नववीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. दोन धाकट्या भावांचं करता करता वर्षं गेली. ते हाताशी आले तेव्हा चुलीपुढं पुस्तक धरून मी बाहेरून मॅट्रिकला बसले आणि पहिल्या वर्गात पास झाले. तेविसाव्या वर्षी! गावाला हसायला विषय मिळाला. वडील एवढंच म्हणाले, "नादारी मिळाली तर जा कॉलेजात. न्हाई तर मार्गशीर्षात उजवून टाकतो." नादारी म्हणजे फीमाफी. बहात्तरच्या दुष्काळाचं साल, त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण मला शिकायचं होतं हो! इतकं, की त्या दिवसांत माझ्या हातची एक भाकरी धड भाजली नाही.

कुंपणापाशी डोळे पुसत उभी होते, तर पलीकडून अण्णा म्हणाले, "अंजे, रडून गिऱ्हाईक मिळतंय व्हय? चल, कॉलेजं बघून येऊ."

"अण्णा, लोक म्हणतात माझं वय झालं."

"म्हनू दे. दात बघून वय काढनारे बाजारात लई. जानकार चाल बघतो. आपन चाल दाखवायची. आन् एक ध्यानात ठेव, सौद्यात हात थरथर कापू द्यायचा न्हाई. हात कापला की भाव पडला."

आधी नगरला गेलो. दगडी इमारत, मोठी कमान. मी बघूनच विरघळले. अण्णा मात्र आत न जाता नळापाशी गेले, पाणी प्यायले आणि तिथल्या पोरांना म्हणाले, "खेड्यातली पोरगी तुमच्यात बसली तर हसाल का रं?" पोरं त्यांच्या पंच्याकडे बघून तेव्हाच हसली. अण्णा माघारी आले. "शिंगं झकास रंगवल्यात. चल, यष्टी बघू."

"अहो, पण नादारीचं विचारलंच नाही!"

"जिथं आपल्याला हसत्यात तिथली फुकटची पेंडबी नको."

मला असा राग आला की घर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात श्रीरामपूर गाठलं. जवळच बेलापूरला माझी मावशी होती, त्यामुळे राहायची चिंता नव्हती. पण कारकुनानं खिडकीतूनच सांगितलं, प्रवेश बंद झाले, नादाऱ्याही वाटून झाल्या. नगरला निदान विचारलं तरी असतं! अण्णांचं लक्षच नव्हतं. ते नळावर गेले होते आणि एका पोरानं त्यांना "बाबा, ओंजळीनं नका, पेला घ्या" म्हटलं होतं. "हीच आपली दावन," ते म्हणाले आणि मला घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत घुसले.

प्राचार्य कोकणातले, शांत गृहस्थ. त्यांनी माझे गुण पाहिले, चार प्रश्न विचारले. मी अडखळत का होईना, उत्तरं दिली. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले, "प्रवेशाचं मी बघतो. पण गुणांवरच्या नादाऱ्या संपल्या. फार तर अर्धी माफी होईल." अर्ध्यावर वडील ऐकणार नव्हते. संपलंच म्हणायचं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरून प्राचार्यांचा हात उचलला आणि त्यावर पंचा टाकला.

अगं आई! धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. दारातला शिपाई तोंडावर हात धरून उभा. अण्णा डोळे मिटून बोटं दाबत होते आणि प्राचार्य त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी प्राचार्य हळूच म्हणाले, "बरं. संस्थेला सांगून पूर्ण माफी करून घेतो. पण पहिल्या सहामाहीत पहिला वर्ग हवा."

अण्णांनी पंचा झटकला, कनवटीची पुडी सोडली आणि सौदा झाल्यावर बैलाच्या पाठीवर टाकतात तो गुलाल माझ्या कपाळाला फासला.

एसटीत मी विचारलं, "अण्णा, बोटांनी काय सांगितलंत?"

"पंच्याखालचं पंच्याखालीच," म्हणाले. गावात मात्र सांगत सुटले, "मास्तर जानकार हाय. दोन बोटांत समजला."

पहिला वर्ग मी सोडला नाही. पदवी झाल्यावर प्राचार्यांच्या पाया पडायला गेले, तर ते हसून म्हणाले, "तुझ्या अण्णांच्या बोटांतलं मला अक्षर कळलं नव्हतं हो. आमच्याकडे ही रीतच नाही. पण म्हाताऱ्याचा हात असा थरथर कापत होता, की माझ्याच्यानं नाही म्हणवेना."

मी तिथंच रडले. बाजारात अण्णांचा हात कापताना कुणी पाहिला नव्हता.

गावी आले तर अण्णा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. प्राचार्यांचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "अण्णा, पास झाले." त्यांनी धड राहिलेला हात पुढं केला आणि डोळ्यांनी पंच्याकडे खूण केली. मी तो आमच्या हातांवर ओढला. त्यांनी माझी पाचही बोटं घट्ट दाबली. बाजारात त्याचा काय आकडा होतो, मला आजही माहीत नाही. हात मात्र कापत नव्हता.

"काय म्हनत्यात गं?" मालनकाकूंनी विचारलं.

"पंच्याखालचं पंच्याखालीच, काकू."

त्या वर्षीच्या पोळ्याआधीच अण्णा गेले. पुढं मी मास्तरीण झाले, पुष्कळांनी कौतुकानं माझा हात हातात घेतला. दर वेळी वाटतं, आता वर पंचा पडेल. पडत नाही.