पटावर एकच विद्यार्थी

जिची चाचणी परीक्षा घेता येत नाही अशी एकही गोष्ट देवाने निर्माण केलेली नाही, यावर श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लातुरातल्या एका क्लासमध्ये त्यांनी हयातभर रसायनशास्त्र शिकवलं. गाव त्यांना सर म्हणतं, सासुरवाडी सर म्हणते आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, त्याही सरच म्हणतात. त्यांचं खरं नाव लग्नपत्रिकेनंतर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. टरबूज घेताना ते गाडीवाल्याला चार फळं पुढे मांडायला लावतात आणि यातलं खराब कोणतं ते ओळख म्हणतात. डॉक्टरने निदान सांगितलं की "आणि दुसरा पर्याय?" असं विचारून ते त्या बिचाऱ्याला पुन्हा स्टेथोस्कोप लावायला लावतात. मी उमरीला मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून बैठकीच्या मधोमध तेच बसले होते. मुलगी पोहे घेऊन येण्याच्या आत त्यांनी मला विचारलं, "खायच्या सोड्यात आन् धुण्याच्या सोड्यात फरक काय?" मी म्हणालो, "एक खातात, एकाने धुतात." सरांनी डोळे मिटून घेतले. नंतर सासऱ्यांना आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दिलेला अहवाल मला पुढे बायकोकडून कळला. "पोरगं कच्चं हाय, पण कॉपी करणारं न्हाई. रिपीट केलं तर निघंल." तेव्हापासून आजतागायत मी रिपीटच करतो आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं आता कसं होणार, ही चिंता सगळ्या नातेवाइकांना होती. पण उपाय करायची घाई फक्त मला झाली. नातलगांत अशी घाई नेहमी मलाच होते आणि तिचे परिणाम इतरांना भोगावे लागतात. मी नांदेडला बँकेत आहे. दुपारच्या सुटीत, एका हातात डबा आणि एका हातात मोबाईल अशा अवस्थेत मी सरांसाठी बासरी मागवली. फोटोत ती चांगली हातभर दिसत होती. आली ती मोठ्या पळीच्या दांड्याएवढी, पत्र्याची, तोंडाशी निळ्या प्लास्टिकची चोच आणि अंगावर सहा भोकं. डब्यावर टिन व्हिसल असं लिहिलेलं होतं. परत पाठवायचा कंटाळा आला म्हणून मी लातूरला जाऊन ती "विदेशी बासरी" म्हणून सरांच्या हातात ठेवली. सरांनी ती उलटसुलट केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सिलॅबस कुठंय हिचा?"

लातुरात कशाचाही क्लास मिळतो. अक्षर सुधारण्याचा मिळतो, भराभर पाढे म्हणण्याचा मिळतो, चांगल्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून त्याआधी लावायचा क्लासही मिळतो. पण या पत्र्याच्या नळीचा क्लास कुठेच नव्हता. एका बासरीवाल्या गुरुजींनी ती हातात घेऊन नाकाजवळ धरली, का कोण जाणे, आणि म्हणाले, "सर, हे आमच्यात बसत नाही." आता क्लासशिवाय कुणाला काही येत नाही, हे ज्यांनी हयातभर पालकांना सांगितलं आणि त्यावर घर बांधलं, त्यांची केवढी पंचाईत. दुसरा कुणी असता तर त्याने नळी माळ्यावर टाकली असती. सरांनी गच्चीवरच्या खोलीत क्लास काढला. शिक्षक ते, विद्यार्थीही तेच. पहाटे थिअरी, मग प्रॅक्टिकल, रविवारी चाचणी. अक्का मला फोनवर सांगत होत्या, "आधी हजेरी घेतेत. सोताचंच नाव पुकारतेत आन् सोताच हजर म्हणतेत. परवा उशिरा उठले, तर गॅलरीत उभं राहिले की तासभर. मी म्हणलं चहा घ्या, तर म्हणले, वर्गाबाहेर काढलंय."

सुरुवातीच्या दिवसांबद्दल गल्लीत अजून बोललं जातं. शेजारच्या काकूंनी कुकर लावला आणि सरांच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. डाळीच्या गिरण्यांच्या या गावात त्या घराने त्या दिवशी कच्चं वरण खाल्लं. समोरच्या इमारतीत डॉक्टरकीची तयारी करणारी मुलं भाड्याने राहतात. त्यांनी तक्रार करायची ठरवली, पण तक्रार घेऊन जायचं ते सरांकडेच, आणि सर आधी आवर्तसारणी विचारतील, म्हणून मुलांनी कानात कापूस घातला. वाद्याचं दुखणं असं होतं की जोरात फुंकलं की आवाज उडी मारून वरच्या पट्टीत जातो. सगळ्यात खालचा सूर हवा असेल तर सहाही भोकं नीट झाकून अगदी अलगद फुंकावं लागतं. आणि सरांनी माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज हयातभर काढलेला. अलगद म्हणजे काय, हे त्यांना व्याख्येसकट पाठ होतं. जमत नव्हतं, एवढंच.

मग एके दिवशी मला फोन आला. "पाहुणे, रविवारी पालक मेळावा हाय. या." मला वाटलं, जुन्या क्लासचा काही समारंभ असेल. इस्त्रीचा शर्ट घालून मी एसटीने लातूरला पोचलो. गच्चीवरच्या खोलीत टेबलामागे सर बसले होते आणि समोर एकच खुर्ची होती. मी तीवर बसलो. सर गंभीरपणे म्हणाले, "पोरगं मेहनती हाय. थिअरीत पैकीच्या पैकी. पण प्रॅक्टिकलला घसरतंय. मोबाईलवर व्हिडिओ लई बघतं, हात कमी चालवतं."

कोण पोरगं, असं विचारणार होतो, तेवढ्यात सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. अशा वेळी पालक जे बोलतात तेच मी बोललो. "घरी लक्ष देतो, सर."

"घरी कोण हाय त्याच्या लक्ष द्यायला?" सर म्हणाले आणि प्रगतिपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. माझ्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर बायको सही करते, त्यामुळे हा माझा पालक म्हणून पहिलाच अनुभव होता.

सही झाल्यावर मी सहज विचारलं की सर, एवढा आटापिटा कशासाठी चाललाय. सरांनी उठून जिन्याचं दार लावलं. मग जे सांगितलं ते इतक्या खालच्या आवाजात, की हा आवाज त्यांच्याकडे आहे हेच मला नवं होतं. त्यांची पहाटेची बॅच असायची. अक्का उठायच्या आत ते घराबाहेर पडत. निवृत्तीनंतर पहिल्यांदा ते सकाळी घरात राहिले आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना ऐकू आलं की अक्का भाकरी थापता थापता गातात. उमरीला त्यांची आई म्हणायची ते काहीतरी. सर उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले की गाणं बंद.

"म्हण की, म्हणलं मी. तर म्हणली, तुमच्यापुढं न्हाई म्हणणार. तुम्ही मार्क द्याल." सर थोडा वेळ नळीच्या चोचीवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणून तीच चाल बसवायलोय. लग्नाच्या वाढदिवसाला वाजवतो. मग म्हणंल का न्हाई ती माझ्यापुढं?"

या प्रश्नाला पर्याय दिलेले नव्हते. मी म्हणालो, "म्हणतील की." आणि सगळं गुप्त ठेवण्याचं वचन देऊन नांदेडला परतलो.

वचन मी लग्नाच्या वाढदिवसापर्यंत काटेकोर पाळलं. त्या दिवशी हॉलमध्ये उमरीची, उदगीरची, देवणीची सगळी मंडळी जमली होती. हार झाले, केक झाला आणि कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. माझ्या हातात माइक देऊ नये, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे, पण त्या दिवशी गडबड होती. सर आपल्या जागेवर बसून, जेवणं सुरू झाल्यावर गोंगाटात, फक्त अक्कांना ऐकू जाईल एवढंच वाजवणार होते. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की सरांनी कोणत्याही गुरूशिवाय एक अवघड विदेशी वाद्य हस्तगत केलेलं आहे, ते आता सर्वांसमोर स्वतंत्र वादन करतील आणि चाल दुसरी तिसरी कुठली नसून साक्षात आपल्या अक्कांची आहे. वर "कृपया मोबाईल बंद ठेवा" असंही म्हणालो. हॉल चिडीचूप झाला. पंखे ऐकू येऊ लागले. अक्कांनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघत बसल्या.

सर उभे राहिले. नळी तोंडाला लावली. बोटं भोकांवर ठेवली, काढली, रुमालाला पुसली, पुन्हा ठेवली. एक बारीकशी किंचाळी आली, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी. मग काहीच नाही. सर तसेच उभे. गाल फुगलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. उमरीचे मामा मागून म्हणाले, "पंक्चर हाय का काय ते?" आणि सगळा हॉल हसला. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सरांनी नळी खिशात घातली आणि खाली बसले. जेवताना त्यांनी जिलेबी पानात तशीच ठेवली.

हात धुताना मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मी म्हणालो, "येत होतं की तुम्हाला, सर."

"येत होतं," सर म्हणाले. "पाठ होतं. समोर सगळे दिसले आन् बोटंच मेली." नळ चालूच होता. तो त्यांनी बंद केला. "पाहुणे, ह्या गावात किती पोरांना म्हणलो असंल मी, येतंय तर भितोस कशाला."

त्या मुलांपैकी कुणी तिथे नव्हतं. असतं तरी सर काय बोलले असते, मला माहीत नाही. ते रुमाल शोधत राहिले.

रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. गच्चीवर क्लास भरलेला नव्हता. हजेरीही झाली नव्हती. मी बाहेरच्या खोलीत गादीवर पडून होतो आणि तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. दाराबाहेर सर उभे होते, बनियन आणि पायजमा, हातात नळी. आत अक्का गुणगुणत होत्या. सर पुढे सरकले नाहीत, मागेही गेले नाहीत. शाळेला उशीर झालेली पोरं अशी उभी राहतात.

अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आत या. दारात काय उभारलाय?"

सर आत जाऊन डब्यांच्या शेजारी स्टुलावर बसले.

"वर्षभर ऐकायलेय मी," अक्का म्हणाल्या. "कान हायेत मला. दुसऱ्या ओळीला तुम्ही वर जाताव. तिथं खाली यायचंय."

"मग सांगायचं न्हाई का?"

"विचारलं कुठं तुम्ही? तुमचा क्लास चालू होता." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "बगा, असं."

आणि त्या गायल्या. आवाज फार गोड नव्हता. जरा बसका, पिठाच्या कामात गुंतलेला. सरांनी नळी लावली. पहिल्यांदा चुकले. अक्का न थांबता पुढे गेल्या, हे मागून धावले. दुसऱ्या वेळी ती खाली यायची जागा आली आणि सर खाली आले, नळीतून नुसती वाफ निघावी इतक्या हळू. भाकरी एका बाजूने करपल्याचा वास येत होता, पण ती कुणी उलटली नाही. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. ते मात्र मला चांगलं जमतं.

आता मी लातूरला गेलो की सकाळी हे ऐकू येतं. गाणं दोनच ओळींचं आहे. म्हणजे पुढे पुष्कळ आहे, पण ते अक्कांना आठवत नाही. लहानपणी आईच्या मागे मागे म्हणायच्या, तेव्हा लक्ष दिलं नाही, म्हणतात. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. उमरीला सगळ्यांना विचारून झालं, कुणाला येत नाही. त्यामुळे दोघं दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत येतात आणि थांबतात. अक्का जरा वेळ तव्याकडे बघतात, सर त्यांच्याकडे बघतात. मग पुन्हा पहिली ओळ सुरू होते.