पडद्यापुढची बाई

उचगावची ती बाई मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी देणग्या गोळा करते. मी वृद्धाश्रमासाठी तेच काम करतो, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या दुकानात आमची गाठ पडतेच. तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. देणगी मागून झाली की ती लगेच म्हणते, "न्हाय म्हणलासा तरी राग न्हाय, पावणं."

परवा आमच्या देणगी गोळा करणाऱ्यांच्या संघटनेची सभा झाली. कुणाच्या दुःखाचं प्रदर्शन मांडायचं नाही, हा नियम आम्हीच केलेला. तरी पाहुण्या वक्त्याने पडद्यावर भाजलेल्या चेहऱ्याच्या एका मुलीचा फोटो लावला. "असा फोटो टाका, लोक आपोआप खिशात हात घालतात!" टाळ्या पडल्या.

उचगावची ती बाई उठली आणि थेट पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हिच्या आईला इचारलंय का?"

"ताई, चांगल्या कामासाठीच आहे ते. बसा," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुमच्या लेकीचा लावा की!"

फोटो बंद होईपर्यंत ती हलली नाही. नंतर वक्त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि तिला शिस्तभंगाबद्दल संघटनेतून काढल्याचं त्याच माइकवरून जाहीर झालं. त्यावरही टाळ्या पडल्या. ती दाराकडे निघाली. मी उठलो आणि तिच्यामागे बाहेर पडलो.