दोन पक्क्या प्रती

बाळांनो, माझं लिखाण तुम्ही संगणकात जपून ठेवता याचं मला कौतुक आहे. पण परवा एकाच लेखाच्या तीन फायली दिसल्या आणि तिन्हींच्या नावात 'फायनल' होतं. तेव्हा मला जानेफळचं मानपत्र आठवलं. ती हकिगत तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. अमरावतीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी जानेफळला नवी सून होते. शाळेचे हेडमास्तर निवृत्त होणार होते आणि गावानं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं. मजकूर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितला आणि मी लिहिला. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एक घरी राहिली, एक सरपंचांकडे गेली, एक कापड दुकानदाराकडे. दुकानदार माल आणायला खामगावला जाई, तेव्हा छापखान्यात तोच देणार होता. तिन्हींवर मामंजींनी 'पक्की' लिहायला लावलं.

मग हेडमास्तर गुरुजी स्वतःच आले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलले आणि उठता उठता मामंजींना म्हणाले, "माझ्याबद्दलची दोन वाक्यं कमी करा भाऊसाहेब, पण हिच्याबद्दल एक घाला."

ही म्हणजे त्यांची पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. आसपासच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुलं वर्षानुवर्षं काकूंच्या हातची भाकरी खाऊन शिकली होती. काकूंना लिहितावाचता येत नव्हतं. कुठल्या सभेत त्यांच्याबद्दल कधी कुणी चार शब्द बोललं नव्हतं.

मामंजींनी लगेच वाक्य सांगितलं: 'या शाळेची मुलं ज्यांच्या चुलीपाशी मोठी झाली, त्या माउलीलाही गावाचा नमस्कार.' मी पुन्हा तीन प्रती केल्या. पुन्हा 'पक्की' लिहिलं. आधीच्या प्रती परत मागवू या, असं मी सुचवलं.

मामंजी हसले. "लोकाइले देल्लेला कागद वापस मांगाव काय, सूनबाई? बरं दिसत नाही ते."

"मग त्यांच्यावर 'रद्द' तरी लिहायला सांगू या."

"मानपत्रावर 'रद्द'? काही शुभ बोल!"

दुकानदाराच्या वाट्याला या खेपेला तळाची प्रत आली, अगदी फिकट. जुनी आणि नवी, दोन्ही त्याच्या गल्ल्याजवळच्या फळीवर राहिल्या.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. काकू नवं लुगडं नेसून बायकांत पुढे बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. गुरुजींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सरपंच छापील मानपत्र वाचू लागले. वाचन शेवटाकडे आलं तसा काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या ताठ बसल्या. मग टाळ्या वाजल्या.

"झालं का वं बाई?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काकूंनीही टाळ्या वाजवल्या.

मामंजींनी दुकानदाराला तिथंच बाजूला घेतलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "दोन्हीवर 'पक्की' लिहेल, भाऊसाहेब. एकीचं तं अक्षरच लागत नोहतं. साफ होती ते देल्ली म्या. मले काय ठाव?"

संध्याकाळी मामंजी, सरपंच, दुकानदार आणि मी गुरुजींच्या घरी गेलो. मामंजींनी हात जोडले आणि मानपत्र पुन्हा छापून देतो म्हणाले. गुरुजींनी तर दौत-टाक पुढे ओढून वाक्य हातानंच लिहायला घेतलं होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "काऊन लिहिता आता?" त्या म्हणाल्या. "सभेनं आइकलं तेच खरं. मागून लिहेल दिसलं तं लोकं म्हनतीन, मास्तरच्या बायकोनं मांगून घेतलं."

गुरुजींनी टाक खाली ठेवला. कागद कितीदाही सुधारता आला असता, पण ती सभा पुन्हा भरणार नव्हती.

"बसा," काकू म्हणाल्या, "च्या ठेवतो."

आम्ही माफी मागायला गेलो होतो, आणि काकूंनी आमच्यासाठीही चूल पेटवली. नको म्हणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.