बुवांचे दात आणि माझ्या वायरी

भजनाचे बुवा आमचे तारकर्लीतले शेजारी. त्यांचे उरलेसुरले दात सोमवारी मालवणला जाऊन काढायचे ठरले होते. दात गेले की शब्द नीट फुटणार नाहीत, याची त्यांना धास्ती. म्हणून रविवारी दुपारी त्यांचा आवाज कॅसेटवर भरून ठेवायचा होता. आणि ही कामगिरी कोणाकडे, तर माझ्याकडे! मुंबईला रेडिओदुरुस्ती शिकून मी नुकताच परतलो होतो, आणि ते सांगायची एकही संधी सोडत नव्हतो.

थाट काय वर्णावा! पेटीपुढे एक माईक, बुवांपुढे दुसरा. दोन्हींच्या वायरी मिक्सरमध्ये आणि तिथून टेपरेकॉर्डरमध्ये. बाहेरच्यांनाही ऐकू यावं म्हणून अॅम्प्लिफायर लावला आणि वाटेवरच्या माडाला कर्णा बांधला. सगळ्या वायरी काळ्या, सगळ्यांना मीच डाख देऊन जोडलेले एकसारखे जॅक. खुणेला चिंधी बांध, असं आई म्हणाली होती. मी तिला हसलो होतो.

बुवा तासभर जीव तोडून गायले. मिक्सरवरचा काटा असा नाचत होता की मीच ताल धरला.

मग सगळ्यांना बसवून, नाटकी हाताने मी कॅसेट लावली. पेटी सुरेख वाजली. बुवांचा आवाज मात्र विहिरीतून यावा तसा, आणि त्यावर स्वच्छ, खणखणीत दोन बायका. मासळी विकून बाजारातून परतताना त्याच माडाखाली टोपल्या टेकवून बसलेल्या. कर्ण्याची वायर मी बुवांच्या माईकच्या जागी खुपसली होती. आणि कर्णा उलटा जोडला की तोही ऐकतो!

"गो, तो मुंबयवालो भजन भरता मां?"

"शाळेचो फ्यूज उडवल्यान तोच मां गो."

"मगे कोण कायच कसो बोलणा नाय?"

"त्येच्या आवशीक बरा वाटता. म्हणान गाव गप ऱ्हवता."

आवस, म्हणजे माझी आई, शेजारीच बसली होती. तिने पदर नीट केला. कोणी हसलं नाही, हेच वाईट. हसले असते तर मीही हसून घेतलं असतं.

बुवांचा माईक अॅम्प्लिफायरवर कर्ण्याच्या भोकात जाऊन कायमचा मुका झाला होता. बुवांचा गळाही बसला होता. त्यांनी गालावरून हात फिरवला.

"दात आणखी आठ दिस ऱ्हवतले," ते म्हणाले. "तू वायर बदल."

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा गाल असोल्या नारळासारखा सुजला होता. आठवडाभर पेज पिऊन काढलेला. विचारणाऱ्यांना वाऱ्याने सुजला म्हणून सांगत होते. माझं नाव कुठेही घेतलं नव्हतं. मंडपवाल्याकडून मी माईक मागून आणला होता. मी वायरींना चिंध्या बांधल्या, प्रत्येक माईकवर टिचकी मारून पाहिली, आणि मान खाली घालून बसलो. बुवा गालाला तळवा दाबून गायले.

ती कॅसेट उत्तम निघाली. फक्त प्रत्येक ओळ संपताना एक हलकासा "हं" ऐकू येतो, ठणका मारल्यासारखा. पुढे तिच्या प्रती निघाल्या, गावोगाव गेल्या. नवे भजनी बुवा तो "हं" हुबेहूब उचलतात आणि जुनी लकब म्हणून मान डोलावतात.

मीही डोलावतो.