बॉबिनचा घेर

आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंना सगळी गल्ली 'टेपबाई' म्हणते, आणि तोंडावर म्हणते. माप घ्यायची टेप त्यांच्या गळ्यात चोवीस तास असते. ती झोपताना तरी काढतात की नाही, हे फक्त त्यांचे यजमान सांगू शकतील, पण ते बोलत नाहीत. खिडकीशी बसून ते काजं-बटणं करतात. ओठांत दोरा धरला की उत्तर द्यावं लागत नाही, ही विद्या त्यांनी संसारात कमावली आहे.

माझी हयात रंगमंचावर गेली. शेवटच्या अकरा नाटकांचे माझे सगळे कपडे याच बाईंनी शिवले. "ताई, श्वास भरून उभ्या राहा. टाळ्या पडल्या की तुम्ही दीड इंच फुगता," हे मला ऐकवणारी ती एकमेव बाई. खरंच फुगत असे मी. बाईंचं माप कधी चुकलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बॉबिन ही त्यांची शेळी. तिची आई ती दोन दिवसांची असताना गेली, तेव्हा बाईंनी तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं. घरात मूलबाळ नाही. बाई यजमानांवर ओरडतात आणि बॉबिनशी बोलतात, अशी त्या घरातली वाटणी आहे.

बॉबिन पहिल्यांदा गाभण राहिली आणि गल्लीला लाडाचं निमित्तच मिळालं. कोणी पाव दिला, कोणी भिजवलेले दाणे. बॉबिन टरारली. बाई दर आठवड्याला तिच्या पोटाला टेप लावून गिऱ्हाइकांच्या मापवहीत आकडा लिहीत. साडेचार महिने झाले तेव्हा घेर निघाला चव्वेचाळीस इंच.

"पंधरा दिवसांत पाच इंच!" बाई गरजल्या. "ही चरबी आहे. अशानं विताना अडेल. आजपासून दाणा बंद, पाव बंद. नुसतं वाळलेलं गवत."

यजमानांनी तोंडातला दोरा काढला. "अगं, पोटात पिल्लं आहेत. घेर वाढणारच ना?"

"चाळीस वर्षं बायकांची पोटं मोजतेय मी. तुम्ही बटणं लावा."

दोरा परत तोंडात गेला. मी म्हटलं, एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या. तर मला उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही राण्या केल्यात हो, शेळ्या नाही पाळल्यात."

आठ दिवस ती बिचारी गवतावर राहिली. नवव्या सकाळी ते गवतही तसंच पडलेलं. बॉबिन पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेली, कान लोंबलेले, रवंथ बंद, मागचे पाय सुजलेले. मधूनच दात खात होती.

"नखरे," बाई म्हणाल्या. "भूक लागली की खाईल."

मी वाकून तिचं तोंड कुरवाळलं आणि दचकले. तिच्या श्वासाला गोडसर, उग्र वास येत होता. प्रयोगानंतर नखांचा रंग पुसायला आम्ही बाटली उघडायचो ना, अगदी तसा. मी बाईंना न विचारताच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यावरून रागावल्या त्या, रागावू देत.

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला, पोट चाचपलं, आणि विचारलं, "खाणं कोणी कमी केलं?"

यजमानांनी सुईत दोरा ओवायला घेतला. मी छताकडे पाहिलं.

"मी," बाई म्हणाल्या. "घेर चव्वेचाळीस झाला होता."

"आत दोन तरी करडं आहेत, कदाचित तीन. पोटात चारा मावायला जागा उरली नाही. अशा वेळी थोड्या खाण्यात जास्त ताकद लागते, आणि तुम्ही तेच काढून घेतलंत. मग ती स्वतःचीच चरबी जाळायला लागली. त्याचं विष झालंय अंगात." डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, सलाईन लावलं. "हे गोड औषध तोंडाच्या कडेनं थोडं थोडं पाजा. मान फार वर धरू नका, नाहीतर फुफ्फुसात जाईल. खाईल ते द्या. उद्यापर्यंत उभी राहिली नाही, तर इंजेक्शन देऊन करडं बाहेर काढावी लागतील. तरीही ती वाचेल, असं मी आज सांगत नाही."

बाईंनी वाद घातला नाही.

पण स्वभाव कुठे जातो? औषध पाजताना थेंब सांडला की पिचकारी नव्याने भरायची. "मान धरा. एवढी वर नको. ताई, तुम्ही शेळी धरताय की पुष्पगुच्छ?" यजमानांनी हिरवा पाला आणला, तर "ओला आहे, पुसा." पुसून आणला, तर "चुरगळलात." त्या भल्या माणसानं एक एक पान मांडीवर सरळ केलं. बॉबिननं तोंड फिरवलं. आम्ही दोघी बायका आणि एक पुरुष त्या पडवीत दिवसभर एकमेकांवर करवादत होतो, आणि चौथी बॉबिन तर उठायलाच तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. दीड दिवस गेला. दारात गिऱ्हाइकं येत, बाई आतूनच ओरडत, "नाही झालं!" एकीनं चिकाटीनं विचारलं, शेळीला झालंय तरी काय? मला वाटलं, आता दोष पावावर ढकलतील, गल्लीवर ढकलतील.

"मी उपाशी ठेवली तिला," बाई म्हणाल्या. "पोटुशीला उपाशी ठेवली. ऐकलंत? आता जा."

त्या दुपारी बॉबिन व्याली. डॉक्टरीणबाईंनी आत हात घालून पहिलं करडू ओढलं, मग दुसरं आपसूक आलं. तिसरं आलं ते मेलेलंच. बाईंनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, गोणपाटानं खसाखसा चोळलं, उलटं धरून झुलवलं. डॉक्टरीणबाईंनी ते हलकेच त्यांच्या हातून काढून घेतलं, तेव्हा कुठे थांबल्या.

मला हुंदका आला. "ताई, रडायचं तर बाहेर जाऊन रडा. नाहीतर हे दुसरं पुसा, गारठतंय," बाई खेकसल्या. मी पुसलं. काय करणार?

बॉबिन आडवीच होती. संध्याकाळ होता होता एक करडू धडपडत तिच्या कासेशी गेलं, आणि तिनं मान उचलून त्याला हुंगलं. मग चाटायला लागली. बाईंनी भिजवलेल्या दाण्यांची मूठ तिच्या तोंडापुढे धरली. तिनं हुंगली, थांबली, बाईंकडे पाहिलं.

"खा गं," बाई पुटपुटल्या. असा आवाज त्यांच्या गळ्यातून मी कधी ऐकला नव्हता. "खा. मी नाही काढून घेत."

बॉबिननं चार दाणे उचलले. चावले. मग पुन्हा चार. यजमान उठून आत गेले आणि दाण्यांचं सगळं पातेलंच घेऊन आले. एरवी बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या फक्त थोड्या सरकल्या आणि त्यांनी पातेल्याला जागा करून दिली.